वाईवरून नाही, वाईला

रविवार, रात्रीचे साडेदहा

आत्ताच वाईहून घरी पोचलो. बॅग अजून दारातच पडलीय, चिरंजीव सोफ्यावर तसेच झोपलेत, आणि मला काही झोप येत नाहीये म्हणून म्हटलं लिहूनच टाकते, एकदा सोमवार उजाडला की ऑफिसच्या धबडग्यात यातलं निम्मं विसरायला होईल.

इतकी वर्षं आम्ही वाईवरून गेलो, वाईला कधी गेलोच नाही. म्हणजे पुण्याहून निघायचं, खंबाटकी घाट ओलांडायचा, सुरूर फाट्याला वळायचं, रस्त्यावरचे ते जुने वड बघून किती छान ना म्हणायचं, ढोल्या गणपतीला पाच मिनिटांत हात जोडायचे आणि लगेच पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, स्ट्रॉबेरी क्रीम, संपलं. या वेळी आई म्हणाली, "अगं, मावशी किती दिवस बोलावतेय, कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे, एक रात्र तरी राहू." म्हणून काल दुपारी मधल्या आळीत मावशीकडे उतरलो आणि तिथून पुढे कुठेही गेलो नाही.

वाईत कृष्णा नदीचे घाट सात. भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह. माघ-फाल्गुनात प्रत्येक घाट आपापला कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीने करतो. नदीलाच देवी करून तिला साडी नेसवून बसवायचं, पुढे कीर्तनं, आरत्या, बायकांनी ओटी भरायची, आणि मग घाटावर महाप्रसाद. मावशी सांगते की अफजलखान आला तेव्हा महाराजांना यश मिळावं म्हणून इथल्या शास्त्रीबुवांनी कृष्णामाईला नवस बोलला होता, तिथपासून हा उत्सव. खान १६५९ साली प्रतापगडाकडे जायच्या आधी वाईतच तळ देऊन होता आणि वाईचा सुभाही त्याच्याकडेच असायचा, त्यामुळे ही गोष्ट वाईच्या माणसांच्या तोंडून ऐकताना अगदी घरातल्या जुन्या संकटासारखी वाटते. मावशी तर "आपल्याकडे खान आला होता तेव्हा" असंच म्हणते, जणू तिच्या लहानपणी आला होता.

पण मला जे लिहायचंय ते आज सकाळचं.

पहाटे साडेपाचला आई, मी आणि चिरंजीव गणपती घाटावर गेलो. अंधार होता, नदीवर धुकं होतं, पायऱ्या इतक्या गार की चप्पल काढल्यावर तळव्यांना झिणझिण्या आल्या. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती वरच्या पायरीवर बसली आणि आम्ही दोघं देवळाच्या मागच्या बाजूला गेलो. पुढून दर्शन सगळेच घेतात, एवढी मोठी मूर्ती, जवळजवळ दहा फूट उंच, म्हणून तर ढोल्या गणपती. मागे फारसं कुणी जात नाही आणि माझं म्हणणं आहे की जावंच. मागची भिंत सरळ नाहीये, माशासारखी निमुळती होत टोकाला आलेली आहे. पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं, देवळाला थेट धडक बसू नये, म्हणून. चिरंजीवांनी त्या टोकाला हात लावला, दगड दवाने ओला होता, आणि मग दोन्ही हात पसरून "पाणी इकडून आलं की असं जाणार, असं जाणार" करत बराच वेळ तिथेच खेळत राहिला. मीही हात लावून उभी राहिले. नदीकाठी बांधायचं तर नदी कधीतरी अंगावर येणार हे धरूनच बांधलंय. तिला अडवायला गेले नाहीत, तिला वाट करून दिली.

हे देऊळ १७६२ चं, गणपतराव रास्ते यांनी बांधलेलं. हे साल मी शाळेपासून ऐकत आलेय पण त्याच्या आधीचं साल कधी डोक्यात आलंच नव्हतं, ते आज तिथे उभं असताना आलं. १७६१. पानिपत! रास्ते म्हणजे गोपिकाबाईंचं माहेर. नानासाहेब पेशव्यांची बायको, विश्वासराव आणि थोरल्या माधवरावांची आई. म्हणजे वाईचे रास्ते हे त्या मुलांचं आजोळ. जानेवारीत विश्वासराव पानिपतावर पडले, जूनमध्ये नानासाहेब गेले, सोळा-सतरा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर राज्य आलं. आणि पुढच्याच वर्षी आजोळच्या माणसांनी नदीकाठी हे असं दणकट, पुराला तोंड देणारं देऊळ उभं केलं. त्यांच्या मनात काय होतं हे मी कोण सांगणार, पण ज्या घरात एवढं मोठं दुःख आलंय त्या घराने वर्षभरात हातात दगड घेतले, ही गोष्ट मला आज फार आतपर्यंत लागली. आईला सांगितलं तर ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "बाबा गेले त्या वर्षी आपण गच्चीची गळती काढून घेतली होती, आठवतं?" आठवतं. मला त्या वेळी तिचं ते कळलं नव्हतं.

मग उन्हं वर आल्यावर मेणवलीला गेलो, वाईपासून तीनेक किलोमीटर, रिक्षाने सुद्धा पटकन होतं. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे उतरत जाणारा कृष्णेचा घाट, आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. इथे बरंच शूटिंग होत असतं त्यामुळे फोटो काढायला गर्दी असते, आज सकाळी मात्र आम्हीच होतो आणि धुणं घेऊन आलेल्या दोन बायका. नानासुद्धा पानिपतावर होते. वय एकोणीसच्या आसपास, जीव वाचवून कसेबसे परत आले, आणि त्यांची आई मात्र तिथेच हरवली, परत मिळालीच नाही. हे त्यांनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. आपल्याला नाना म्हटलं की राजकारण, साडेतीन शहाणे वगैरे आठवतं. या घाटाच्या पायरीवर बसल्यावर मला आईला शोधणारा तो पोरगा दिसत होता, आणि शेजारी माझी आई गुडघ्यावर हात ठेवून पाण्याकडे बघत बसली होती.

तिथेच ती घंटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत दिल्या, भीमाशंकरला पण आहे एक. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे. चिरंजीवांनी ते आकडे स्वतः शोधून काढले आणि विचारलं की ही घंटा आधी समुद्राजवळ वाजायची का, तर हो, समुद्राजवळच वाजायची, आता नदीजवळ आहे.

विश्वकोशाबद्दल लिहायचं राहिलंच. मराठी विश्वकोश वाईत तयार झाला, पहिला खंड १९७६ ला आला आणि पुढे वीस खंड झाले, हे आमच्या पिढीत किती जणांना माहितीये कोण जाणे. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे. ते शिकले ती प्राज्ञ पाठशाळा वाईची, आणि विनोबासुद्धा १९१७ च्या सुमारास तिथेच शिकायला येऊन राहिले होते. तर्कतीर्थांनी शास्त्राच्या आधाराने अस्पृश्यतेच्या विरुद्ध बाजू मांडली, गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजाजींची (चक्रवर्ती राजगोपालाचारी) मुलगी लक्ष्मी यांचं आंतरजातीय लग्न १९३३ साली त्यांनीच लावलं. एवढ्या छोट्या गावात बसून या माणसांनी केवढं काम केलं. यावर वेगळं लिहायला हवं, एका परिच्छेदात नाही मावणार.

दुपारी मावशीच्या ओळखीच्यांच्या शेतावर गेलो, हळद काढायचे दिवस आहेत. कढईत हळकुंडं शिजत होती, त्याचा वास गोडसर, थोडा मातीचा, थोडा आल्यासारखा, डब्यातल्या हळदीला हा वास नसतोच. शिजलेली हळद उन्हात पसरलेली होती, वाळायला पंधरा-वीस दिवस तरी लागतात म्हणाले, मग घोळून पॉलिश. तिथल्या आजींनी मूठभर वाळलेली हळकुंडं माझ्या ओढणीच्या टोकात बांधून दिली, पैसे घ्यायला तयारच नाहीत.

एक गोष्ट मनाला लागली तीही लिहिते. घाटाच्या खालच्या पायऱ्यांशी प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, थर्माकोलच्या प्लेटा साचल्या होत्या, पाण्याला एका जागी वासही येत होता. ज्या नदीला साडी नेसवून पुजतो तिच्यातच हे टाकायचं? आपण बाहेरून जाणारे पण यात आहोत, महाबळेश्वरला जाताना गाडीतून रिकाम्या बाटल्या भिरकावणारे मी स्वतः बघितलेत. मावशी रोज सकाळी स्नान झालं की हाताला लागेल तेवढा कचरा गोळा करून वर आणते, बासष्ट वर्षांची आहे. आज आम्ही तिघांनी मिळून दोन पोती भरली.

तर कुणी विचारलं वाईला काय बघायचं, तर मी म्हणेन एक रात्र राहा आणि सकाळी लवकर उठा. थंडीत किंवा उत्सवात जा, पावसाळा सुरू झाला की हिरवं होतं तेव्हाही जा पण पायऱ्यांवर जपून. देवळाच्या मागे जा. मेणवलीच्या घाटावर निदान अर्धा तास मोबाईल पिशवीत ठेवून बसा, आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना सोबत न्या, पायऱ्या आहेत पण वरच्या पायरीवर बसूनही नदी दिसते.

निघताना मावशीने आईच्या हातात महाप्रसादाची पुडी दिली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी आमच्या आळीच्या दिवशीच ये, वाढायला माणसं कमी पडतात." आई गाडीत बसल्या बसल्या मला म्हणाली की रजा आत्ताच टाकून ठेव.

ओढणीची गाठ अजून सोडली नाहीये, सगळ्या खोलीभर हळदीचा वास पसरलाय.