नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी गेली 19 वर्षे काम करतो. दरवर्षी जून-जुलैत प्रवेशाच्या जाहिराती वर्तमानपत्रांत झळकू लागल्या की कोणी ना कोणी सहकारी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी येतो आणि "दादा, एम.बी.ए. करावं म्हणतोय, तुमचं काय मत?" असे विचारतो. मी वयाच्या 38 व्या वर्षी दूरस्थ पद्धतीने एम.कॉम. पूर्ण केले, एवढाच माझा या विषयातला अधिकार. मी त्याला उलट एकच प्रश्न विचारतो: ती पदवी तू कोणाच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहेस?

बहुतेकांकडे याचे उत्तर नसते, आणि "आजकाल ग्रॅज्युएशनला कोण विचारतं?" असे मोघम काहीतरी सांगून विषय बदलला जातो. वास्तविक पदवी वाचणारा माणूस प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो आणि तो नेमके काय वाचतो हे प्रवेशाआधीच शोधता येते. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्याच्या इच्छेने एम.कॉम.ला बसणाऱ्या माणसाला तेथे बी.एड.ही लागते, ही गोष्ट अनेकदा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस समजते, नियमित बी.एड. 2 वर्षांचे असून त्यात हजेरी आणि शाळेतील अध्यापनाचा सराव असल्यामुळे, ते नोकरी सांभाळून उरकण्याची आशा धरता येत नाही. वरिष्ठ महाविद्यालयाचे स्वप्न असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात 55 टक्के आणि आरक्षित प्रवर्गात 50 टक्के गुण लागतात. अशा माणसाने "पास झालो म्हणजे झाले" या हिशेबाने परीक्षा दिली, तर पदवी हाती येऊनही दार बंदच राहते. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी आधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी आणि पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी. पीएच.डी. अर्धवेळ करता येते, मात्र त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देण्यास यूजीसीची मनाई आहे. तशी जाहिरात दिसली तर पान उलटावे.

आमच्यासारख्या खासगी कारखान्यात मात्र मालक पदवी वाचत नाही. तो जीएसटीचे विवरणपत्र वेळेवर गेले का आणि निर्यातीच्या कागदांत चूक निघाली का, एवढेच पाहतो. माझ्या एम.कॉम.मुळे पगारात एका रुपयाचीही वाढ झाली नाही. वडिलांची गिरणी बंद पडल्यामुळे बी.कॉम.वर थांबावे लागले होते, ते मनात सलत होते आणि ते मला पूर्ण करायचे होते. हेही कारण मी योग्यच मानतो. परंतु ज्याचे कारण असे आहे त्याने कर्ज काढून महागडी पदवी घेऊ नये, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सैल मुदतीचा मार्ग धरावा. कर्ज काढलेच, तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत 8 वर्षांपर्यंत वजावट मिळते. ती स्वतःच्या शिक्षणासाठीही असते, हे आमच्या हिशेब विभागातील लोकांनाही ठाऊक नसते.

एम.कॉम.च्या आधी मी फसलो होतो, तेही सांगितले पाहिजे. शहरातल्या एका पेठेत दुसऱ्या मजल्यावर एक केंद्र होते, तेथे परराज्यातील एका विद्यापीठाची एम.बी.ए. "परीक्षेची चिंता न करता" मिळेल असे सांगण्यात आले आणि मी निम्मी फी रोख भरली. पावती घरी आणून फाइलला लावताना, म्हणजे जे काम मी दिवसभर पगार घेऊन करतो तेच करताना, माझ्या लक्षात आले की पावतीवर विद्यापीठाचे नाव कोठेही नाही. वर कुठल्याशा शैक्षणिक ट्रस्टचे नाव, खाली "देणगी" असा रबरी शिक्का आणि अनुक्रमांकाच्या जागी पेनाने लिहिलेला आकडा. पुरवठादाराची अशी पावती माझ्याकडे आली असती तर मी ती उभ्या उभ्या परत पाठवली असती. पुढे चौकशी केली तेव्हा त्या विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर असे केंद्र चालवण्याची परवानगीच नव्हती, असे समजले. पैसे परत मिळाले नाहीत. ती पावती आजही त्याच फाइलमध्ये आहे आणि सल्ला विचारायला येणाऱ्याला मी ती दाखवतो.

म्हणून फी भरण्यापूर्वी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या (डीईबी) संकेतस्थळावर जाऊन तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात: विद्यापीठाचे नाव, नेमका तोच अभ्यासक्रम, आणि नेमके तेच शैक्षणिक वर्ष. विद्यापीठ मान्यताप्राप्त असले तरी त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असतोच असे नाही, आणि गेल्या वर्षीची मान्यता यंदा असेलच असेही नाही. यादीत असलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. यादीत नसलेल्या पदवीचे काय होते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या 3 नोव्हेंबर 2017 च्या निकालात सापडते. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यतेविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांचा तो खटला होता. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित करून त्यांना पुन्हा चाचणी द्यायला लावली, आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच केल्या. त्या पदव्यांच्या जोरावर नोकरीत वर चढलेल्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलणे झाले असेल, याची कल्पना मला करवत नाही.

कागदपत्रांचा त्रास आपल्याकडे थोडा निराळा आहे. सोलापूर विद्यापीठ 2004 मध्ये स्थापन झाले. त्याआधी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती, त्यामुळे माझ्या वयाच्या लोकांच्या पदवीवर कोल्हापूरचा शिक्का असतो, आणि स्थलांतर प्रमाणपत्र मागितले गेले की तिकडे अर्ज करावा लागतो. माझी त्यासाठी एक पूर्ण रजा एसटीत गेली. पूर्व भागातील तेलुगूभाषक सहकाऱ्यांची अडचण आडनावाची असते: दहावीच्या प्रमाणपत्रावर इंग्रजी स्पेलिंग एक आणि आधार कार्डावर दुसरे. दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी 2024 पासून डीईबी आयडी हा ओळख क्रमांक सक्तीचा झाला असून तो विद्यार्थ्याच्या श्रेयांकांची (क्रेडिट) नोंद ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, आधारशी जोडलेल्या खात्यावरून तयार होतो, त्यामुळे एका अक्षराचा फरकही अर्ज अडवू शकतो. ही दुरुस्ती प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नये.

आता खऱ्या खर्चाकडे, म्हणजे तासांकडे, येतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या (इग्नू) हिशेबाने 1 श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे 30 तासांचे काम. 80 श्रेयांकांची पदवी धरली तर 2,400 तास होतात, आणि ते 2 वर्षांच्या 104 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साधारण 23 तास येतात. सकाळी 9 ला घर सोडून संध्याकाळी 7 ला परतणाऱ्या माणसाने हे 23 तास कागदावर मांडून पाहावेत. ते कोठून तरी काढावे लागतात आणि ज्याच्या वाट्याचे काढले जातात त्याची संमती बहुधा घेतलेली नसते. मी अभ्यासाला बसत असे त्या दोन वर्षांत, नळाला पाणी येण्याच्या दिवशी पहाटे उठून हौद, पिंपे आणि हंडे भरण्याचे काम पत्नीने एकटीने केले, आणि सोलापुरात चार-पाच दिवसांआड येणारे पाणी भरणे म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळणार नाही. तिने एकदाच विचारले, "तुमची परीक्षा आहे, माझी कधी संपणार?" त्यानंतर आम्ही दोघांनी बसून पाण्याचे दिवस दिनदर्शिकेवर लिहिले आणि त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी ठरवली. मुलाची दहावी आणि आपली पदवी एकाच वर्षी घेऊ नये, हेही मला याच अनुभवावरून वाटते. इग्नू 2 वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला 4 वर्षांपर्यंत मुदत देते. त्या मुदतीचा उपयोग करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती. पंधरा-सोळा वर्षे संगणकावर काम केल्यानंतर हाताला लिहिण्याची सवय राहत नाही. पहिल्या पेपरला, मे महिन्याच्या उन्हात, माझ्या बोटांत दुसऱ्या तासालाच गोळे आले आणि उत्तर येत असूनही शेवटचा प्रश्न अर्धा सुटला. पुढच्या सत्रापासून मी रोज रात्री जेवणानंतर वहीची दोन पाने हाताने लिहू लागलो, काही सुचले नाही तर त्या दिवसाच्या व्हाउचरांच्या नोंदीच लिहून काढत असे.

यंदा माझ्याकडे डबा घेऊन आलेला तरुण डिस्पॅच विभागात आहे. त्याला मी प्रवेश घे म्हटले नाही आणि नको घेऊ असेही म्हटले नाही. केंद्र सरकारच्या स्वयम् संकेतस्थळावर विनामूल्य अभ्यासक्रम असतात. त्यातला व्यवस्थापनाचा एखादा 12 आठवड्यांचा अभ्यासक्रम घे, स्वाध्याय वेळेवर भर, आणि मग आपण फीबद्दल बोलू, एवढेच सांगितले. सध्या त्याचा पाचवा आठवडा चालू आहे. तिसऱ्या आठवड्यात कंटेनर भरायचा होता, म्हणून त्याचा एक स्वाध्याय चुकला. परवा तो स्वतःहून येऊन म्हणाला की, एम.बी.ए.ऐवजी निर्यातीच्या कागदपत्रांचा काही लहान अभ्यासक्रम असतो का, तो आधी पाहावा असे वाटते.