डिझेल गोठलं ती रात्र

डिसेंबरातली पुण्याची रात्र, बाहेर जेमतेम दहा अंश. वनस्पती तेलाचं हायड्रोजनच्या मदतीने डिझेल करणारा आमचा छोटा फिक्स्ड बेड रिॲक्टर पहिल्यांदाच सलग रात्रभर चालवायचा होता. फीड, म्हणजे आत सोडायचा कच्चा माल, करंजाचं तेल; कॅटॅलिस्ट, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा पदार्थ, ॲल्युमिनावरचं निकेल-मॉलिब्डेनम; प्रेशर ५० बार, तापमान ३६० अंश. तेलात गंधक नसल्याने कॅटॅलिस्टचं सल्फाइड रूप टिकावं म्हणून फीडमध्ये थोडं डीएमडीएस हे गंधकाचं संयुग घालतो. त्याचा कुजक्या कोबीसारखा वास घरी जाऊन आंघोळ केली तरी केसांत राहतो.

रात्री १:४० ला रिॲक्टरच्या तोंडाशी प्रेशरचं गेज ५८ बारवर गेलं. माझ्या पोटात गोळा आला. 'बेड चोक झाला,' म्हणजे आतला कॅटॅलिस्टचा थर तुंबला, असं मी ठरवूनच टाकलं. करंजाच्या तेलातला चिकटा, म्हणजे फॉस्फरस असलेली फॉस्फोलिपिडं, नीट निघाला नाही तर तो कॅटॅलिस्टवर बसतो, आणि डीगमिंग, म्हणजे हा चिकटा काढायचं काम, मीच केलं होतं. फीड पंप बंद केला आणि लॉगबुकात फॉस्फरसबद्दल अर्धं पान लिहूनही काढलं. आता वाचताना हसू येतं, तेव्हा रडू येत होतं.

ड्युटीवरचे टेक्निशियन काका चहाचा कप हातात घेऊन पॅनेलसमोर उभे राहिले. "मॅडम, आऊटलेटचं गेज बघितलं का?"

बघितलं नव्हतं. तेही ५८ च्या आसपासच होतं. बेड चोक असता तर फरक बेडच्या दोन टोकांत दिसला असता. इथे दोन्ही गेज बरोबरीने चढले होते आणि पुढच्या सेपरेटरचं, म्हणजे वायू आणि द्रव वेगळे करणाऱ्या भांड्याचं, मात्र उतरलं होतं. म्हणजे अडलं होतं ते मधल्या कूलरच्या नळीत.

काकांनी नळीला हात लावला. "तूप गोठलंय."

हायड्रोजनच्या जागी हीट गन काढायची नाही, हा आमचा नियम. मग किटलीतलं गरम पाणी, जुनी फडकी, आणि दोघांनी मिळून नळीला शेक दिला. दहाएक मिनिटांत सेपरेटरची पातळी हलली. खाली काढलेला नमुना काचेच्या बाटलीत डोळ्यांदेखत पांढरा झाला, मेणबत्तीसारखा.

मेणच होतं ते. हायड्रोजन तेलातला ऑक्सिजन पाण्याच्या रूपात काढतो, तेव्हा १८ कार्बनची सरळ साखळी उरते. ऑक्सिजन कार्बन घेऊन कार्बन डायऑक्साइड किंवा मोनॉक्साइड म्हणून गेला तर १७ ची. ऑक्टाडेकेन २८ अंशांना गोठतं, हेप्टाडेकेन २२ ला. करंजात थोडं २२ कार्बनचं बेहेनिक आम्लही असतं, त्याचं डोकोसेन तर ४४ पर्यंत घट्टच. आतापर्यंतच्या सगळ्या रन उन्हाळ्यात, भर दिवसा झाल्या होत्या, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं.

सकाळी गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, १७ आणि १८ चे दोन उंच पीक शेजारी-शेजारी आले, तेलाचा मागमूस नव्हता. कॅटॅलिस्ट ठणठणीत होता. पण विमानाच्या जेट ए-१ इंधनाला उणे ४७ अंशांपर्यंत गोठायची मुभा नाही. २०१८ मध्ये डेहराडूनहून दिल्लीला गेलेल्या विमानातलं मोगली एरंडाचं इंधन मला त्या सकाळी वेगळंच भारी वाटलं. फांद्या असलेल्या साखळ्या इतक्या सहज गोठत नाहीत; त्या फांद्या फोडायला आता प्लॅटिनमवाला दुसरा रिॲक्टर लागणार होता, आणि तोवर कूलरच्या नळीला ट्रेसिंग, म्हणजे ती गरम ठेवणारी गुंडाळी.

फॉस्फरसचं अर्धं पान मी आडवी रेघ मारून खोडलं. त्याखाली काकांनी आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली : '१:४० लाइन जाम. कारण : थंडी.'