तुम्ही विचारलंत म्हणून: फळ्या ठोकून का नाही टाकल्या?

प्रवासात मुक्काम करता यावा म्हणून आम्ही सजवलेल्या आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं की लोक आधी गादीकडे बघतात, मग कपाटांकडे, आणि एखादी फळी हाताने हलवून विचारतात, "या नुसत्या अडकवल्यात? ठोकून का नाही टाकल्या?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा ठोकल्याच होत्या. आमची मारुती ईको व्हॅन, आणि मागे नवऱ्याने आणि मी मिळून केलेली कपाटं, घरच्या ओट्याखाली करतात तशी 18 मिमी प्लायची. एका कोपऱ्यात 20 लिटरचा पाण्याचा जार, मागून पंपाची नळी, आणि हे सगळं झाकणारी फळी चौदा स्क्रूंनी पक्की. जुलैत कराडहून चिपळूणला उतरताना कुंभार्ली घाटात नळीचा जोड सुटला. क्लिप मी पुरेशी आवळली नव्हती. घाट संपेपर्यंत पाणी बॅटरीच्या कप्प्याकडे निघालं होतं. बाहेर धो-धो पाऊस, नवऱ्याच्या हातात टॉर्च, माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि एकेक करत चौदा स्क्रू. बॅटरी वाचली. गादी तीन दिवस वाळत होती.

त्या रात्रीच ठरवलं, की जिच्यामागे वायर, नळी किंवा कसलाही जोड आहे ती फळी हत्याराशिवाय निघाली पाहिजे, अंधारातसुद्धा. घराच्या भिंतीला धक्के बसत नाहीत, गाडीत प्रत्येक सांध्याला सतत बसतात. शिवाय प्लायच्या कडेत तोच स्क्रू चार-पाचदा काढला-लावला की भोक सैल होतं आणि पकड जाते.

आधी लोहचुंबक लावून पाहिले. सपाट रस्त्यावर छान, पण घाटात मागचं सामान फळीवर रेललं की फळी सरळ अंगावर. मग आजोळच्या खिडक्यांच्या लाकडी खिट्ट्या आठवल्या, एका स्क्रूवर फिरणाऱ्या. आता प्रत्येक फळीच्या खालच्या कडेला दोन खुंट्या आहेत, त्या चौकटीच्या खाचेत बसतात, आणि वर दोन खिट्ट्या. खिट्टीचा स्क्रू फळीच्या वर, चौकटीत, आणि लांब टोक खाली लोंबतं. हादऱ्याने ती हलली तरी स्वतःच्या वजनाने परत खालीच येते, म्हणजे बंदच राहते. मूठ नाही, बोट घालायला एक इंचाचं भोक. अंधारात हात फिरवला की सापडतं, आणि आत हवाही खेळते.

फळी मापाला अगदी घट्ट कापू नका, हे मात्र कळकळीने सांगते. आम्ही मे महिन्यात कापलेल्या फळ्या कोकणातल्या पावसात फुगल्या आणि ओढूनही निघेनात. आता चारही बाजूंना दोन-तीन मिमी जागा सोडतो. त्या जागेने खडखड होते, म्हणून चौकटीला आतून नमद्याची, म्हणजे जाड लोकरी फेल्टची, पट्टी चिकटवली आहे. प्लाय पाणी पितं ते कडेतून, तेव्हा कडांना आणि त्या बोटाच्या भोकाच्या आतूनही वॉर्निशचे दोन हात हवेतच. गाडीच्या पत्र्यात सरळ रेघ शोधून सापडत नाही, त्यामुळे आधी पुठ्ठ्याचा साचा, मग प्लाय.

वजनही निम्म्यावर आलं. 18 मिमीची आठ बाय चारची शीट साधारण 35 किलो भरते, 12ची 23च्या आसपास, 6ची बाराएक. आता चौकट 12ची, फळ्या 6च्या. फक्त मागची एक फळी 12ची ठेवली, कारण मुक्कामाला ती काढून दोन पायांवर ठेवली की भाजी चिरायचं टेबल होतं. स्वयंपाक आम्ही बाहेरच करतो. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, म्हणून 5 किलोचं सिलिंडर बंद कपाटात नाही, मागच्या दाराशी मोकळंच बांधलेलं असतं.

आणखी एक कारण आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की गाडीच्या आरसीवरचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचे, तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. म्हणून मागची सीट आम्ही काढलेली नाही आणि पत्र्याला नवं भोक पाडलेलं नाही. चौकट सीटमागे आणि चाकांच्या फुगवट्यांमध्ये बसते, वरून पट्ट्यांनी आवळलेली. दोघांनी धरली तर अख्खी बाहेर येते, आणि दिवाळीत आईबाबांना गावी सोडायला तीच गाडी रिकामी मिळते.

तुम्ही डाव्या खिडकीखालची फळी ओढून पाहिलीत, ती निघाली नाही, बरोबर? ती अजून स्क्रूंनीच बसवलेली आहे. तिच्यामागे काही नाही.