तुम्ही विचारलंत म्हणून: टेनिसचे कोणते बॉल घेऊ?

कोर्टवर कोणी ना कोणी हे विचारतंच. कुठल्या कोर्टवर खेळता, आठवड्यातून किती वेळा, असं मी उलट विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते राहू दे, कंपनी सांगा." कंपनीने काही ठरत नाही हो! एकाच कंपनीच्या दोन डब्यांत वेगळे बॉल असतात. डब्यावर 'एक्स्ट्रा ड्यूटी' की 'रेग्युलर ड्यूटी' छापलेलं असतं, आधी ते वाचा.

एक्स्ट्रा ड्यूटीचं फेल्ट, म्हणजे बॉलवरचं केसाळ कापड, हार्ड कोर्टवर (सिमेंटसारख्या कडक) घासलं तरी टिकतं. रेग्युलरचं पातळ आणि घट्ट असतं, त्यामुळे त्यात क्ले, म्हणजे मातीच्या कोर्टची माती कमी शिरते. अदलाबदल केलीत तर रेग्युलर बॉलला हार्ड कोर्टवर लवकर टक्कल पडतं आणि एक्स्ट्रा ड्यूटी क्लेवर माती धरून जड होतो.

एवढं सांगून मी पूर्वी थांबायचो. पण मग यूएस ओपनचं काय? कोर्ट हार्ड, कंपनी विल्सन, तरी 2022 पर्यंत पुरुषांना एक्स्ट्रा ड्यूटी आणि महिलांना रेग्युलर. महिला टेनिस संघटनेचं म्हणणं, हलक्या फेल्टने खांदा, कोपर, मनगट यांच्या दुखापती कमी होऊ शकतात. पोलंडची खेळाडू इगा श्वियाँतेक हिने 2022 मध्ये उघड तक्रार केली की हे बॉल जोरात मारले की ताब्यात राहत नाहीत. आणि त्याच बॉलने त्या वर्षीची स्पर्धा तिनेच जिंकली! 2023 पासून महिलांनाही एक्स्ट्रा ड्यूटी मिळाले. वाद मिटला का? नाही. जड, फुगलेल्या बॉलने मनगट दुखतं, असं पुरुष खेळाडूच सांगत राहिले.

म्हणून आता कोर्टइतकंच हाताबद्दलही विचारतो. सपाट आणि जोरात मारत असाल तर हार्ड कोर्टवर एक्स्ट्रा ड्यूटी. कोपर कुरकुरत असेल तर तिथेच रेग्युलर वापरून बघा, बॉल लवकर झिजतील हे धरून. पूर्वीचा मी यावर भांडला असता. त्याचं अगदीच चूक होतं असंही मला वाटत नाही.

तुमच्या खेळाचा खरा घात मात्र डेड, म्हणजे उसळी गेलेल्या, बॉलने होतो. डबा उघडला की आतला दाब रबरातून हळूहळू निसटू लागतो, बॉल कपाटात ठेवलात तरी. नियमाप्रमाणे 254 सेंटिमीटरवरून टाकलेल्या बॉलची उसळी 135 ते 147 सेंटिमीटर हवी, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. घरी नवा आणि जुना बॉल खांद्याच्या उंचीवरून एकदम सोडा, फरक दिसेल. मोठे सामने खेळणारे पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर बॉल बदलतात, आणि आपण महिनाभर एकच डबा ओढतो.

प्रेशरलेस, म्हणजे आत दाब न भरलेले, बॉल असे डेड होत नाहीत, कारण त्यांची उसळी जाड रबरातून येते. बॉल फेकणारं मशीन, भिंतीवरचा सराव, सर्व्हिसच्या सरावाची टोपली यांना उत्तम, पण हाताला कडक लागतात. टोपलीत दोन्ही प्रकार मिसळू नका, टायमिंग बिघडतं.

पाचगणी-महाबळेश्वरला खेळणाऱ्यांसाठी वेगळं: 1219 मीटरच्या वर हवा विरळ, म्हणून तिथे हाय अल्टिट्यूड, म्हणजे उंच जागांसाठीचे, बॉल. दहा वर्षांखालच्या मुलांना लाल, नारिंगी, हिरवे, म्हणजे कमी उसळणारे हळू बॉल. नेहमीच्या पिवळ्याची घाई नको.

आणि डबा उघडताना 'फुस्स' झालं नाही, तर तो दुकानदाराला परत करा.