अंडं खाता, मग तुम्ही शाकाहारी कशा?

मी मांस खात नाही, मासे खात नाही. दूध घेते, अंडंही खाते, आणि स्वतःला शाकाहारी म्हणवते. त्यावर हमखास दोन प्रश्न येतात. काहींना वाटतं, अंडं पोटात गेलं की शाकाहार संपला. बाकीचे म्हणतात, अंडं चालतं तर मासा का नको? इतक्या जणांनी हे विचारलंय की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं.

शाकाहार मी एका प्रश्नावर ठरवते: हा पदार्थ मिळवायचा तर जीव घ्यावाच लागतो का? मांसासाठी घ्यावा लागतो, माशासाठी घ्यावा लागतो, कोळंबीसाठी, चरबीसाठी, हाडांच्या अर्कासाठीही. दूध काढून झालं तरी गाय उभी असते. अंडं दिल्यावर कोंबडी चालू लागते. बाजारात येणारी बहुतेक अंडी तर अशा कोंबड्यांची असतात, ज्यांच्यात कोंबडा सोडलेलाच नसतो. ती फलित झालेली नसतात, त्यातून पिल्लू कधीच निघणार नसतं. म्हणून ‘अंडं म्हणजे न जन्मलेलं पिल्लू’ हा आक्षेप मला पटत नाही.

ही व्याख्या माझ्या सोयीने केलेली नाही. इंग्लंडमध्ये रॅम्सगेट इथे १८४७ साली व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली. मांस वर्ज्य हा तिचा पाया होता. दूध आणि अंडी घ्यायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचं होतं. त्याआधी युरोपात अशा जेवणाला पायथागोरसचा आहार म्हणत, कारण मांस न खाण्याचा विचार त्या ग्रीक गणितज्ञाच्या नावाशी जोडलेला होता.

पुढे प्रकार पडत गेले ते या दूध-अंड्यांवरूनच. दोन्ही खाणारे लॅक्टो-ओव्हो, फक्त दूध घेणारे लॅक्टो, दूध वगळून अंडी खाणारे ओव्हो. चौथे व्हीगन, ते दूध, अंडी, मध काहीच घेत नाहीत, आणि त्यांच्यातले बहुतेक जण चामडं, लोकर, रेशीमही वापरत नाहीत. कंदमुळं न खाणारे आहेत, कारण कंद उपटला की रोप मरतं आणि मातीतले जीवही मरतात. नुसत्या फळांवर राहू पाहणारेही आहेत, पण त्यात प्रथिनांची इतकी ओढाताण होते की मी कुणालाही तो सल्ला देणार नाही.

व्हीगन लोकांबद्दल जरा जास्त सांगते, कारण त्यांचा आक्षेप थेट माझ्या ताटावर आहे आणि तो पोकळ नाही. इंग्लंडमधलेच डोनाल्ड वॉटसन हे व्हेजिटेरियन सोसायटीचे सभासद होते. दूध न घेणाऱ्या सभासदांना सोसायटीच्या मासिकात वेगळी जागा मिळावी, अशी मागणी पुढे आली आणि ती नाकारली गेली. तेव्हा वॉटसन आणि मोजक्या सोबत्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हीगन सोसायटी काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्यायली की निम्मी वासरं नर असतात. त्या नरांचं दुग्धव्यवसायाला काही काम नसतं. मग त्यांचं काय होतं?

अंड्यांचं तर त्याहून वाईट. अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांची जात वेगळी आणि मांसासाठीची वेगळी. अंड्यांच्या जातीतलं नर पिल्लू अंडी देणार नाही, आणि मांसासाठी पोसण्याइतकं भरतही नाही. म्हणून जगभरातल्या उबवणी केंद्रांत अशी अब्जावधी पिल्लं दरवर्षी जन्माच्या पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यावर कायद्याने बंदी घातली. तिथे आता अंड्यातलं पिल्लू नर की मादी हे उबवण पूर्ण होण्याआधीच तपासता येतं, किंवा नर पिल्लांनाही वाढवलं जातं.

म्हणजे मी म्हटलं की अंड्यासाठी जीव घ्यावा लागत नाही, ते अंड्यापुरतं खरं आहे. अंड्यांच्या धंद्याबद्दल ते खरं नाही. हे माहीत असूनही मी अंडं खाते, पण कमी खाते, आणि पिल्लं न मारता तयार झालेली अंडी जिथे मिळतात तिथे तीच घेते. व्हीगन मित्रमंडळी माझ्यापुढे एक पाऊल आहेत, असं मी मनापासून मानते. तरी त्यामुळे मी शाकाहारी उरत नाही, हे मला मान्य नाही. एखाद्याने जास्त सोडलं म्हणून कमी सोडणाऱ्याचं सोडणं खोटं ठरत नाही. खुद्द व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ अशा अर्थाची सवलत आहे.

आता मासा. मासे खाऊन बाकी मांस वर्ज्य करणाऱ्यांना पेस्कटेरियन म्हणतात. त्यांच्या निवडीबद्दल मला आदर आहे, पण त्यांना शाकाहारी म्हणायला मी तयार नाही. मासा जाळ्यातून बाहेर काढला की तो मरतो, यात दुसरा अर्थ काढायला जागाच नाही. माशाला कुठे वेदना होतात, असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगते. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक ॲसिड टोचलं. ॲसिड टोचलेल्या माशांनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. टोचलेले मासे बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत. त्यांच्या डोक्यात वेदना टिपणाऱ्या चेतापेशीही सापडल्या.

दुसरं कारण रोजच्या व्यवहारातलं आहे. पेस्कटेरियन माणूस स्वतःला शाकाहारी म्हणवू लागला की पुढच्या खऱ्या शाकाहाऱ्याच्या ताटात स्वयंपाकी मासा वाढतो आणि वर म्हणतो, ‘मागचे तर खात होते.’ हे मी अनेकदा अनुभवलं आहे. (शिंपल्या आणि कालवांचा वाद मात्र निराळा. त्यांना मेंदू नसतो, म्हणून काही व्हीगनही ती खातात. मी खात नाही, पण त्यांचा युक्तिवाद ऐकून घेण्यासारखा आहे.)

सगळ्यात जास्त गोंधळ डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचा होतो. चीज घ्या. दूध घट्ट करायला रेनेट लागतं. पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात, आणि ते काढायला वासरू मारावं लागतं. म्हणजे दूध चालणाऱ्या शाकाहाऱ्याला सगळंच चीज चालतं असं नाही. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोला ते नाव लावायचं तर वासराचंच रेनेट वापरावं लागतं, असा नियम आहे. सुदैवाने पर्याय मुबलक आहेत. बुरशीपासून मिळणारं रेनेट आहे, आणि सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेलं कायमोसिन हे विकर १९९० पासून अमेरिकेत मान्य आहे. वेष्टनावर ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेरियन’ रेनेट लिहिलेलं असेल तर मी निश्चिंतपणे घेते.

जिलेटिनबद्दल शंकाच नको. ते गुरांच्या आणि डुकरांच्या कातडी-हाडांपासून होतं, कधी माशांपासूनही. जेली, मार्शमॅलो, चघळायच्या गोळ्या, औषधांच्या कॅप्सूल यांत ते असतं. त्याच्या जागी समुद्री शेवाळापासूनचं ‘अगर-अगर’ किंवा फळांतलं पेक्टिन चालतं. ई१२० हा लाल रंग कोचिनियल किड्यांना वाळवून, भरडून काढतात. माशाच्या वाताशयापासून केलेलं आयझिंगग्लास बिअर आणि वाइन नितळ करायला वापरतात. ते तळाशी बसतं, पेल्यात क्वचितच येतं, पण मासा मेलेला असतोच. काही ठिकाणी साखर पांढरी करताना हाडांच्या कोळशातून गाळतात, तिथेही हेच.

याउलट ड जीवनसत्त्वाची गोष्ट. डी३ बहुतेकदा मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट लॅनोलिनपासून बनतं. मेंढी त्यासाठी मरत नाही, म्हणून मला ते चालतं. व्हीगन माणसाला चालत नाही, तो दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी३ शोधतो. मी ठरवण्याचा जो प्रश्न सुरुवातीला सांगितला तो असा रोज कामी येतो.

औषधाच्या बाबतीत मी अडून बसत नाही. डॉक्टरांना वेगळी कॅप्सूल आहे का ते विचारते, नसेल तर आहे ती घेते. आजारी माणसाला तत्त्वाच्या नावाखाली औषध नाकारायला लावणं मला क्रूर वाटतं.

कधीमधी मांस खाणारे, म्हणजे फ्लेक्सिटेरियन, यांच्याविषयीही विचारतात. ते शाकाहारी नाहीत. पण दहा माणसांनी मांस निम्म्यावर आणलं तर वाचणारे जीव पाच माणसांनी ते पूर्ण सोडल्याइतकेच असतात, त्यामुळे त्यांच्याकडे तुच्छतेने पाहणं मला समजत नाही.

एक सूचना मात्र प्रत्येकाला करते. ब१२ जीवनसत्त्व सूक्ष्मजीव बनवतात, वनस्पतींत ते भरवशाने मिळत नाही. दूध आणि अंड्यांत असतं. म्हणून व्हीगन झालात तर ब१२ ची गोळी किंवा ते मुद्दाम मिसळलेलं अन्न हवंच. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते, आणि तोवर नसांना इजा होऊ शकते.

आणि शाकाहारी पाहुणा जेवायला येणार असेल, तर ‘कोणत्या प्रकारचे शाकाहारी?’ असं विचारू नका, पुष्कळांना स्वतःच्या प्रकाराचं नाव माहीत नसतं. दूध चालतं का, अंडं चालतं का, मध चालतो का, चीज कोणतं आणू, एवढं विचारा. मला विचारलंत तर पहिल्या तिन्हींना हो, आणि चीजचं वेष्टन फेकू नका, मी वाचून घेईन.