आमची वाटचाल : उटणं, शिकेकाई आणि परत आलेले खोके

शिकेकाई दळून द्यायला पिठाचा गिरणीवाला सहसा तयार होत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. एकदा ती जात्यात गेली की पुढच्या गिऱ्हाइकाची भाकरी कडू, आणि डबे घेऊन उभी असलेली अख्खी रांग शिंकून बेजार. १९८२ चा कापड गिरण्यांचा संप लांबत चालला, आमच्या ह्यांचा पगार थांबला आणि मी सासूबाईंच्या हातचं उटणं नि शिकेकाई लालबागच्या चाळीतून विकायला लागले, तेव्हा मलाही सगळ्यांनी दारातूनच परत पाठवलं. अण्णांनी नाही पाठवलं.

अण्णांची गिरणी करी रोडच्या अंगाला. म्हणाले, "वहिनी, सोमवारी गिरणी बंद असते. संध्याकाळी या. पण दळण झालं की वरून दोन किलो तांदूळ फिरवायचे, ते तुमचे." गिरणी साफ व्हायची आणि ते कडवट पीठ मी घरी आणायचे. चाळीतल्या सगळ्यांची पितळी भांडी त्या पिठावर लखलखीत झाली.

दळणाचं अण्णांना जे कळायचं ते आजच्या पल्वरायझरवाल्यांना कळत नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. दर थोड्या वेळाने ते गिरणी थांबवायचे आणि पीठ चिमटीत धरून बघायचे. "हाताला गरम लागलं ना वहिनी, की वास गेला." खरंच आहे. कचोरा, वाळा, नागरमोथा या उटण्यातल्या सुगंधी मुळ्यांचा सगळा जीव त्यांच्या तेलात, आणि ते तेल उष्णतेने उडतं. नागरमोथ्याच्या गाठी तर सरळ गिरणीत टाकायच्याच नाहीत. आधी डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटायच्या, मग दळायच्या, मग ८० नंबरच्या बारीक चाळणीतून काढायच्या, आणि अंगाला लावायचं असेल तर शेवटी वस्त्रगाळ. आमच्याकडे त्यासाठी अजून जुन्या मलमलीच्या साडीचे तुकडे आहेत. नायलॉनच्या कापडाला पीठ चिकटून बसतं.

संप संपला असं कुणी जाहीर केलंच नाही. ह्यांची नोकरी गेली ती गेलीच, पण मशीद बंदरला काष्ठौषधींची खरेदी हे करू लागले आणि करी रोडला एक लहानसा गाळा भाड्याने मिळाला. पुढच्या दहा-बारा वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. माल जात होता, मुलं शिकत होती.

सांगायचं आहे ते १९९७ च्या दिवाळीचं. दादरच्या एका मोठ्या दुकानात आमचं उटणं तीन दिवाळ्या जात होतं. नाव घेत नाही, दादरकर ओळखतील. त्या वर्षी शेठ म्हणाले, चार हजार डबे द्या, पैसे भाऊबीजेनंतर. उटण्याचा धंदा म्हणजे वर्षाचा खर्च आणि तीन आठवड्यांची विक्री. भांडवल आणायचं कुठून? भिशी उचलली, माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या, चाळीतल्या आठ बायका रात्री जागून डबे भरत होत्या. घटस्थापनेला माल पोहोचता केला.

दसऱ्याच्या सुमारास मी सहज दुकानात डोकावले, तर काउंटरवर आमच्यासारखाच पिवळा डबा. तोच समईचा छाप, अक्षरांचं वळणही तेच. नाव दुकानाचं आणि किंमत आमच्या निम्मी. आमचे डबे? मागे गोदामात, फिनेलच्या कॅनशेजारी. मी त्यांचा एक डबा विकत घेतला आणि घरी येऊन वाटीत कालवला. पाणी लग्नातल्या जिलबीसारखं पिवळंधमक. आंबेहळद इतकी पिवळी नसतेच मुळी, तिचा रंग फिकट. वर साबणाचं पाणी घातलं. हळद असती तर लालसर झाली असती, हा रंग ढिम्म हलला नाही. कसला तरी रंग, मुलतानी माती आणि वरून चंदनाचं सेंट, एवढंच त्यांचं उटणं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून खोके परत आले. निम्म्याहून जास्त, काहींना ओल लागलेली. दिवाळी झाल्यावर उटणं कोण घेणार? शेठ फोनवर म्हणाले, "ताई, गिऱ्हाइकाला स्वस्त हवं असतं, आम्ही काय करणार." विकलेल्या मालाचे पैसेही पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत तुकड्या-तुकड्याने आले. ह्यांनी गाळा सोडायचं ठरवलंच होतं.

वाचवलं अण्णांनी. दळणाची सगळी उधारी त्यांनी वहीतून काट मारून संपवली आणि वर माझ्यावरच ओरडले, "ओला माल वेगळा काढा आधी, सगळ्याला कीड लावाल." कोरडं उटणं आम्ही मोठ्या परातीत ओतलं, ताजा कचोरा आणि संत्र्याची साल दळून त्यात मिसळली आणि साध्या पिशव्यांत भरलं. हिंदू कॉलनीतल्या एक निवृत्त शिक्षिका बाराही महिने उटण्यानेच आंघोळ करायच्या. त्या बाईंनी त्यांच्या भजनी मंडळाला ते 'रोजचं उटणं' म्हणून घ्यायला लावलं. होळीपर्यंत माल संपला. पाटल्या सुटायला आणखी दोन वर्षं गेली. बाई शेवटपर्यंत पिशवी न्यायला स्वतः यायच्या, आणि वजन काट्यावर बघून घ्यायच्या, हेही सांगितलं पाहिजे.

त्यानंतर मी दिवाळीवर विसंबणं सोडलं. शिकेकाई वर्षभर सुरू केली आणि शेजारचा दुसरा गाळा घेऊन तिथे मेतकूट, भाजणी, नाचणीचं सत्त्व. दोन गाळे का, असं सून विचारते. खायची वस्तू आणि अंगाला लावायची वस्तू एका छपराखाली दळायची नाही. परवानेही वेगळे. अंगाला लावायच्या मालाला १९४० चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा, खाण्याला अन्नसुरक्षेचा.

आता विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगते. व्हिडिओ बघून मुली चेहऱ्याला लिंबू चोळतात आणि उन्हात जातात. कातडी भाजल्यासारखी होते, डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. खायचा सोडा केसांना लावू नका, तो भज्यातच बरा. कोरफडीचा गर घरी काढून बाटलीत भरून विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका. पाणी असलेली वस्तू टिकवणाऱ्या द्रव्याशिवाय चार दिवसांत नासते, वास आला नाही तरी. म्हणून आम्ही फक्त कोरडी चूर्णं करतो. शिकेकाई एप्रिल-मेच्या उन्हात कडकडीत वाळवून ठेवा. जूनमध्ये मुंबईच्या हवेत शेंग चामड्यासारखी होते आणि चाळणीत अडकते. दोन भाग शिकेकाई, एक भाग बी काढलेला रिठा, अर्धा भाग आवळकाठी, मूठभर मेथी. डोळे मिटून लावा, झोंबते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर रिठा थोडा वाढवा, जड पाण्यात साबण फुटतो, रिठा फेसाळतो. आणि भाजणीचं प्रत्येक धान्य वेगळं भाजा. एकत्र भाजलं तर उडीद करपतो आणि हरभरा कच्चा राहतो, मग थालीपीठ बिघडलं की दोष आमच्या पिठाला.

अण्णा गेले, त्यांची गिरणी मुलाने विकली. ती ८० नंबरची चाळण मात्र मी मागून आणली. जाळी दोनदा बदलली, चौकट त्यांचीच आहे.

यंदा गणपतीनंतर दादरच्या त्या दुकानातून फोन आला. शेठ आता बसत नाहीत, मुलगा बघतो. "काकू, तुमची शिकेकाई आणि उटणं ठेवू या का आपण? लोक नॅचरल मागतात हल्ली." मी म्हटलं, ठेवा की. भाव काउंटरवर विचारून घ्या. पैसे सगळे आगाऊ, परतीचा माल घेत नाही. तो म्हणाला, बाबांशी बोलून कळवतो. अजून कळवलेलं नाही.