ऐरोलीच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाताय? मग चार्जिंगचं एवढं बघा

ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडली की मध्ये फक्त दिघा गाव, मग ऐरोली. स्टेशनबाहेरून रिक्षा करून खाडीकाठच्या सागरी जैवविविधता केंद्रावर जायचं. रोहितांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. बोट भरतीप्रमाणे सुटते, म्हणून बुकिंग आधीच करा. जेवून सावकाश निघू, असं इथे चालत नाही.

सोबत मेव्हणा होता. गाडीत बसल्यापासून रिसेंट अ‍ॅप्स उघडून एकेक वर सरकवून उडवणं चाललेलं. "भाऊजी, मागे चालू राहिली की बॅटरी खातात ही."

खात नाहीत, निदान त्या यादीत दिसतात म्हणून तर नाहीच. त्यातली बहुतेक अ‍ॅप्स रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या मेमरीत, नुसती गोठून पडलेली असतात, आणि रॅम भरलेली असो वा रिकामी, वीज जवळपास तेवढीच घेते. उलट उडवलेलं अ‍ॅप पुन्हा उघडलं की सगळं पहिल्यापासून लोड होतं, त्यात प्रोसेसर जास्त राबतो. अँड्रॉइडमध्ये 2015 पासून 'डोझ' आहे: स्क्रीन बंद करून फोन पडून राहिला की अ‍ॅप्सची मागची कामं लांबणीवर पडतात. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून तर कमी वापरातल्या अ‍ॅप्सना आणखी मागे बसवतात. आयफोनबाबत अ‍ॅपलचाही सल्ला हाच, की अ‍ॅप अडकलं तरच ते बंद करा.

बोटीत बसलो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 पासून ते रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. पण आकडे कुठले आठवतात! तिवरांच्या कडेने चिखलात गुलाबी पट्टा दिसला आणि सगळे फोन एकदम वर आले. खरी बॅटरी जाते ती इथे. उघड्या खाडीत ऊन थेट पडतं, काही दिसावं म्हणून फोन ब्राइटनेस कमाल करतो, त्यात झूम लावून व्हिडिओ. वर फोन तापतो. आयफोनसाठी अ‍ॅपल 0 ते 35 अंश तापमान सांगतं, आपलं एप्रिलचं ऊन त्यात कुठे बसतंय? तापलेला फोन हळू चालतो, स्क्रीन मंद करतो, कधी कॅमेराच बंद पाडतो. म्हणून शूटिंग झालं की फोन सरळ पिशवीत, सावलीला. खरं तर दुर्बीण न्या, रोहित फोनमध्ये ठिपक्यांसारखेच येतात.

किनाऱ्याला येईतो मेव्हण्याच्या फोनची बॅटरी लाल झाली होती. सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर उघडून पाहिला: वरती स्क्रीन आणि कॅमेरा, आणि त्यांच्या मागोमाग व्हॉट्सअ‍ॅप. सासूबाईंना काळजी नको म्हणून घरच्या ग्रुपवर त्याने लाइव्ह लोकेशन टाकलेलं, तेही आठ तासांचं! व्हॉट्सअ‍ॅप तर त्याने गाडीतच उडवलेलं होतं, पण लाइव्ह लोकेशन त्याने थांबत नाही, ते व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जाऊन बंद करावं लागतं. म्हणजे मागची अ‍ॅप्स अगदीच निर्दोष नाहीत. सतत जीपीएस घेणारी, नकाशा, चाललेला रस्ता नोंदवणारी, ही खातात. तेव्हा उडवाउडवी सोडा, बॅटरीच्या यादीत कोण वर आहे ते पाहा आणि त्याचं लोकेशन 'अ‍ॅप वापरताना' एवढ्यावर आणा. घरच्यांसाठी पंधरा मिनिटांचा किंवा एक तासाचा पर्याय पुरतो.

पॉवर बँक न्याच. आणि परतीचं लोकलचं तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर जपून, टीसीसमोर फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. आम्ही ऐरोलीला खिडकीवर रांग लावून कागदी काढलं. मेव्हणा रांगेतही काहीतरी वर सरकवतच होता.